जुन्या डब्यांचा नवा मुलूख

विद्यार्थी मित्रहो, या वर्षीच्या अंकासाठी पदार्थविज्ञानातील एखादा विषय सोपा करून द्या, अशी संपादक मंडळाची सूचना आली. मी विषय निवडला तो आगगाडीचा. गाडी नवी नाही, जुनी. आणि तीही जपानमधील. जपान म्हटले की ताशी तीनशे किलोमीटर वेगाने जाणारी शिन्कान्सेन आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्या देशात सर्वांत अधिक शिकवले ते एका छोट्या खाजगी रेल्वेने विकत घेतलेल्या जुन्या डब्यांनी. त्या डब्यांमुळे माझ्या घरातील एका जुन्या गोष्टीचाही उलगडा झाला. ती आधी सांगतो.

माझे वडील उद्यमबागेत टर्नर होते. पुढे त्यांनी स्वतःचे लहानसे शेड घातले आणि एक जुना लेथ आणला. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून तो आला होता. रंग उडालेला, एका हँडलची मूठ तुटलेली. मी तेव्हा याच महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होतो. वर्गातील एका मित्राने विचारले, “तुमच्या शेडमध्ये मशीन कुठलं रे?” मी बेधडक सांगितले, “नवीनच घेतलंय.” संध्याकाळी तोच मित्र माझ्याबरोबर शेडवर आला. बाबा गुडघ्यावर बसून हातातल्या स्क्रेपरने लेथचा बेड घासत होते. मित्र काही बोलला नाही, बाबाही बोलले नाहीत. मला मात्र त्या दिवशी मान वर करवली नाही. खोटे पकडले गेले याची लाज होतीच, पण जुन्या यंत्राची लाज त्याहून अधिक होती. ती पुढे कित्येक वर्षे गेली नाही.

नागानोची गाडी

२०१८ सालच्या हिवाळ्यात एका प्रशिक्षणासाठी मला सहा आठवडे जपानमधील नागानो शहरी राहावे लागले. १९९८ सालची हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा जेथे झाली तेच हे शहर. सर्व बाजूंनी डोंगर, थंडी कडाक्याची. एका रविवारी युदानाका या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी जायचे ठरवले. तेथे ‘नागानो देन्तेत्सु’ नावाची खाजगी विद्युत रेल्वे जाते. स्थानिक लोक तिला लाडाने ‘नागादेन’ म्हणतात. नागानो ते युदानाका हे अंतर ३३.२ किलोमीटर, म्हणजे आपल्या बेळगाव-खानापूर प्रवासाहून फार अधिक नव्हे.

शहरात या रेल्वेची पहिली चार स्थानके जमिनीखाली आहेत. मी भुयारी फलाटावर उभा असता तीन डब्यांची एक चकचकीत पोलादी गाडी आली. बाहेरून पन्हळी पत्र्यासारख्या रेघा, समोर लाल पट्टा, प्रत्येक बाजूस चार-चार दारे. आत भिंतीलगत लांबच लांब बाके आणि डोक्यावर कड्यांची रांग. ही सगळी मांडणी चेंगराचेंगरीच्या शहरी वाहतुकीची होती, आणि डब्यात आम्ही जेमतेम पंधरा माणसे. गाडी भुयारातून वर आली, चिकुमा नदीचा मोठा पूल ओलांडून सफरचंदांच्या बागांतून धावू लागली. बर्फाने झाकलेल्या बागा आणि मुंबईच्या लोकलसारखा डबा, हे दोन्ही एकमेकांशी जुळेना.

शिन्शू-नाकानो नावाच्या स्थानकावर सर्वांना उतरवले. पलीकडच्या फलाटावर दुसरी गाडी उभी होती. तिचे तोंड गोलसर, डबे लांबीला थोडे कमी आणि दारे तीन-तीन. रूळ तर तेच पुढे गेले होते. मग गाडी का बदलायची? माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. त्यांना मोडकेतोडके इंग्रजी येत होते. मी प्रश्न विचारताच ते हसून म्हणाले, “ती गाडी डोंगराला घाबरते.” मग बाकावर हात फिरवून त्यांनी सांगितले, की तरुणपणी ते टोकियोत नोकरीला होते आणि याच जातीच्या डब्यातून रोज उभ्याने कचेरीत जात. “तिथे मला कधी बसायला मिळाले नाही. इथे मिळाले.” त्यांच्या या दोन वाक्यांनी मला विषय दिला. पुढचे सहा आठवडे मी सुटीच्या दिवशी या डब्यांचा मागोवा घेत राहिलो, आणि परत आल्यावरही वाचत राहिलो. त्यातून जे हाती आले ते आता क्रमाने मांडतो.

जुना डबा कोठे चालतो?

आगगाडीचा जुना डबा ही जुनी सायकल नव्हे, की ज्याला हवी त्याने घेतली आणि चालवली. तीन गोष्टी जुळल्या तरच तो दुसऱ्या रेल्वेच्या उपयोगी पडतो.

पहिली गोष्ट रूळांमधील अंतर, म्हणजे गेज. जपानमध्ये शिन्कान्सेनचे रूळ १४३५ मिलिमीटर अंतराचे आहेत, पण जुन्या सरकारी मार्गांचे व पुष्कळशा खाजगी मार्गांचे अंतर १०६७ मिलिमीटर आहे. नागादेनचेही तेच. टोकियोत मात्र सगळेच सारखे नाही. तेथील गिन्झा आणि मारुनोउची हे जुने भुयारी मार्ग १४३५ मिलिमीटरचे, तर केइओ या खाजगी कंपनीचा मुख्य मार्ग १३७२ मिलिमीटरचा. घोड्यांनी ओढायच्या ट्रामच्या काळापासून चालत आलेले हे माप. अशा मार्गावरील डबा १०६७च्या रुळांवर आणायचा तर वरची पेटी तीच ठेवून खालचा चाकांचा सांगाडा दुसरा बसवावा लागतो. केइओचे १९६३ साली आलेले नामांकित डबे छोट्या रेल्वेंनी घेतले तेव्हा असेच करावे लागले.

दुसरी गोष्ट वीज. नागादेनच्या तारेत १५०० व्होल्टची एकदिश वीज असते. काही छोट्या रेल्वे अजून ६०० व्होल्टवर चालतात. गिन्झा आणि मारुनोउची मार्गांवर तर वर तारच नाही, रुळाशेजारी जमिनीलगत तिसरा रूळ टाकून त्यातून ६०० व्होल्टची वीज घेतात. तेथला डबा तारेखाली चालवायचा तर छपरावर पेंटोग्राफ बसवणे आले. क्यूशू बेटावरील कुमामोतो विद्युत रेल्वेने २०१५ साली गिन्झा मार्गाचे डबे घेऊन हे दोन्ही फेरफार केले, चाकेही बदलली आणि पेंटोग्राफही बसवला.

तिसरी गोष्ट डब्याची लांबी. टोकियोतील आजचा सर्वसाधारण लोकल डबा २० मीटर लांब व चार दारांचा असतो. वळण जितके तीव्र, तितका लांब डब्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला आणि टोके बाहेरच्या बाजूला सरकतात. वहीच्या पानावर एक वर्तुळ काढा आणि त्याच्या कडेवर आधी छोटी व मग मोठी काडी ठेवून पाहा, म्हणजे हे लगेच ध्यानात येईल. जुन्या छोट्या मार्गांची वळणे आवळ असतात आणि फलाट वळणाला चिकटून बांधलेले असतात. तेथे १८ मीटरचा डबा सुखाने जातो, २० मीटरचा फलाटाला घासतो.

आता टोकियोच्या हिबिया मार्गाकडे पाहा. हा भुयारी मार्ग १९६१ साली सुरू झाला. दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या त्यावरून थेट जाव्यात म्हणून त्याला १०६७ मिलिमीटरचे रूळ आणि १५०० व्होल्टची वरची तार दिली, आणि रस्त्यांखालून जाणाऱ्या भुयारांची वळणे तीव्र असल्याने डबे १८ मीटरचे ठेवले. छोट्या रेल्वेला हव्या असलेल्या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी! शिन्शू-नाकानोला मी ज्या गोलसर तोंडाच्या गाडीत बसलो ती या हिबिया मार्गावरचीच होती.

एकाच जागी दोनदा

नागादेनचा जुन्या डब्यांचा इतिहास १९७७ सालापासून सांगता येतो. शहरातला मार्ग जमिनीखाली नेण्याचे ठरले होते. भुयारातून जाणारी गाडी आगीला दाद न देणाऱ्या बांधणीची असली पाहिजे, असा तेथील नियम. जुन्या गाड्या त्यात बसत नव्हत्या. तेव्हा टोकियोच्या टोक्यू कंपनीचे १९५४ साली प्रथम निघालेले हलके, खाली फुगीर आकाराचे डबे घेतले गेले. हिरव्या रंगामुळे टोकियोचे लोक त्यांना ‘हिरवा बेडूक’ म्हणत. नागादेनने त्यांना लाल रंग दिला, आणि नागानोत त्यांचे नाव ‘लाल बेडूक’ पडले. भुयारी मार्ग १९८१ सालच्या मार्चमध्ये सुरू झाला.

१९९३पासून या बेडकांची जागा हिबिया मार्गावरील १९६१ सालच्या जातीच्या डब्यांनी घेतली. त्यांची बाहेरची कातडी गंज न धरणाऱ्या पोलादाची होती. टोकियोतून ते डबे का निघाले? तर १९८८पासून हिबियावर ‘०३’ या क्रमांकाचे नवे अॅल्युमिनियमचे डबे येऊ लागले होते म्हणून.

पुढची गोष्ट मोठी मौजेची आहे. २०१७पासून हिबिया मार्गावर २० मीटरच्या, चार दारांच्या गाड्या आणण्यास सुरुवात झाली. फलाटाच्या कडेला सरकती दारे बसवायची, तर प्रत्येक गाडीची दारे ठरलेल्या जागीच आली पाहिजेत. तीन दारांचे आणि १८ मीटरचे ‘०३’ डबे त्या हिशेबात बसेनात. ते काही जर्जर झाले नव्हते, पण २०२०च्या फेब्रुवारीपर्यंत सगळे निघाले. त्यांतले काही कुमामोतोला गेले, काही कानाझावाच्या होकुरिकु रेल्वेकडे गेले, आणि काही २०२०च्या मे महिन्यात नागादेनवर धावू लागले. तेथे त्यांनी कोणाची जागा घेतली? हिबियाच्याच जुन्या डब्यांची. म्हणजे टोकियोत ज्यांना बाजूला सारून हे आले, त्यांनाच तीस वर्षांनी डोंगरात जाऊन पुन्हा बाजूला सारले. जुन्या जातीची शेवटची गाडी जानेवारी २०२३मध्ये धावली. मी २०१८ साली ज्या बाकावर बसलो होतो ते बाक आता तेथे नाही. त्या जातीचे दोन डबे मात्र २००७ सालीच टोकियोत परत गेले. त्यांच्या मूळ धन्याने त्यांना जतन करण्यासाठी मागून घेतले होते.

मी नागानोहून निघताना बसलो ती चार दारांची पोलादी गाडी टोक्यू कंपनीची. या जातीचे डबे १९७५पासून बांधले गेले आणि त्यांची एकूण संख्या भरली बरोबर ४००. नागादेनकडे ते २००५ साली आले. आरामगाड्याही दुसऱ्यांच्याच. ओडाक्यू कंपनीने १९८७ साली काढलेल्या एका दिमाखदार गाडीत चालकाची केबिन छताजवळ आहे. चालक शिडीने वर चढून बसतो आणि प्रवाशांना अगदी पुढच्या काचेशी बसता येते. या गाडीतील आसनांची जमीन उंच, पायऱ्या चढून जाण्याची. अपंग व वृद्धांना सर्वत्र सुलभपणे जाता यावे असा कायदा २००० साली झाल्यावर या उंच जमिनीची अडचण झाली. त्यामुळे तिच्याहून जुनी, १९८० सालची गाडी ओडाक्यूकडे तिच्यानंतरही धावत राहिली आणि हिला आधी निघावे लागले. तिचे अकरा डबे होते. त्यांतून चार डब्यांच्या गाड्या जुळवून नागादेनने २००६च्या डिसेंबरात ‘युकेमुरी’, म्हणजे गरम झऱ्यांची वाफ, या नावाने त्या सुरू केल्या. टोकियोच्या नारिता विमानतळावर १९९१पासून जाणारी गाडीही २०११ साली येथे आली आणि जवळच्या दरीतील बर्फात न्हाणाऱ्या माकडांवरून ‘स्नो मंकी’ झाली.

डबा येतो तेव्हा काय काय करावे लागते?

टोकियोत आठ किंवा दहा डब्यांची गाडी असते, डोंगरात दोन किंवा तीन डब्यांची पुरते. आठ डब्यांच्या गाडीत चालकाची केबिन फक्त दोन टोकांच्या डब्यांना. म्हणून एका मोठ्या गाडीतून तीन डब्यांची एकच छोटी गाडी निघते. दोन टोके आणि मधला एक. उरलेले पाच भंगारात जातात. एखाद्या रेल्वेला टोकाचे डबे मिळालेच नाहीत, तर मधला डबा कापून त्याला नवी केबिन जोडतात. इझुमो प्रांतातील इचिबाता रेल्वेने घेतलेल्या टोक्यूच्या डब्यांचे असेच झाले.

त्यातही एक पेच आहे. ‘०३’ गाडीच्या टोकाच्या डब्यांत मोटारी नव्हत्या, त्या मधल्या डब्यांत होत्या. कुमामोतो आणि होकुरिकु रेल्वेंना हवी होती दोन डब्यांची गाडी. दोन्ही टोके जोडली तर गाडी तयार होते, पण चालणार कशी? तेव्हा मधल्या डब्यांची यंत्रे काढून टोकाच्या डब्याखाली बसवावी लागली. जोडणीच्या कामात बुद्धी लागत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी याचा विचार करावा.

शिवाय गार्ड नसतो, चालक एकटाच. निर्मनुष्य स्थानकांवर प्रवाशाने चढताना क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना चालकाशेजारच्या पेटीत पैसे टाकायचे. त्यासाठी पेटी, आरसे, भाड्याचा फलक असे सगळे बसवावे लागते. थंडीत आतली ऊब जाऊ नये म्हणून प्रवाशाने स्वतः उघडायची दारे लागतात. मधल्या मार्गातून एक-दोन माणसे येणार असता आठही दारे उघडी टाकणे हे टोकियोत चालते, बर्फात चालत नाही.

डोंगराला घाबरणारी गाडी

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या वाक्याकडे वळू. शिन्शू-नाकानो ते युदानाका या भागात चढ हजारास चाळीस, म्हणजे २५ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर असा आहे. आपल्या कॅसलरॉक ते कुळे घाटातील चढ ३७ला १, म्हणजे हजारास सुमारे २७. गोव्याला जाताना दूधसागराजवळ गाडी किती सावकाश उतरते हे तुम्ही पाहिलेच आहे. युदानाकाचा चढ त्याच्या दीडपट तीव्र आहे.

साधे गणित मांडू. तीन डब्यांच्या गाडीचे वजन १०० टन धरा. हजारास चाळीस उतारावर तिला खाली ओढणारे बल १०० टनांचा पंचविसावा हिस्सा, म्हणजे ४ टन वजनाइतके. आपल्या घाटात तेच सुमारे २.७ टन झाले असते. आता ही गाडी एकूण १०० मीटर उंची उतरली असे समजा. तिने गमावलेली स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. एक लाख किलोग्रॅम, ९.८ आणि १०० यांचा गुणाकार ९ कोटी ८० लाख ज्यूल. एका युनिट विजेत ३६ लाख ज्यूल असतात, म्हणजे ही ऊर्जा सुमारे २७ युनिट झाली. गाडीचा वेग तर वाढू द्यायचा नाही. मग ही ऊर्जा गेली कोठे?

ती तीन ठिकाणी जाऊ शकते. ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबून धरले तर ती उष्णता होऊन ठोकळ्यांत व चाकांत शिरते, आणि उतार लांब असेल तर ठोकळे तापून त्यांची पकड सुटू लागते. दुसरा उपाय असा, की मोटारीलाच जनित्र बनवायचे आणि तयार झालेली वीज डब्याखालच्या मोठ्या रोधकांत जाळायची. तिसरा उपाय ती वीज वरच्या तारेत परत देण्याचा. हा सर्वांत काटकसरीचा, पण एक अट आहे. ती वीज घेणारी दुसरी गाडी जवळपास हवी. टोकियोत दर दोन-तीन मिनिटांना गाडी असते, गिऱ्हाईक हमखास मिळते. डोंगरात तासाला एक-दोन गाड्या. वीज विकायला काढली आणि घेणारा कोणी नाही, अशी गत!

डोंगराच्या गाडीला उतारावर वेग एकसारखा धरून ठेवणारी खास ब्रेकयोजना लागते. टोक्यूच्या त्या चारशे डब्यांना सपाट शहरात तिची गरज नव्हती, म्हणून ती बसवलेली नाही. त्यामुळे नागादेनवर ते शिन्शू-नाकानोपर्यंतच जातात. मला गाडी बदलावी लागली त्याचे कारण हे. यंत्र वाईट नव्हते, त्याला त्याच्या ताकदीचे काम दिले होते.

युदानाकाच्या स्थानकाचीही एक गंमत होती. जागा अशी अडचणीची, की तीन डब्यांची गाडी थेट फलाटाला लागत नसे. ती स्थानक ओलांडून रस्त्यापलीकडे जाई आणि मग उलटी फलाटाकडे येई. २००६ साली ‘युकेमुरी’ येण्याआधी रूळ व फलाट बदलून हा प्रकार बंद केला. म्हणजे गाडी रेल्वेला जुळवून घेते, तसे रेल्वेलाही गाडीसाठी काही जुळवून घ्यावे लागते.

गाडी आली, पण प्रवासी?

जुने डबे घेतले म्हणजे छोटी रेल्वे तरली, असा निष्कर्ष मात्र काढू नये. नागादेनची एक शाखा २००२ साली बंद झाली. दुसरी, यशिरो मार्ग, ही तर त्या रेल्वेची मूळ शाखा. १९२२ साली सुरू झालेली. तिच्यावर हिबियाचेच डबे धावत होते. ३१ मार्च २०१२ रोजी तीही शेवटची धावली. घरोघर मोटारगाडी आली, मुले कमी झाली, तरुण शहराकडे गेले. डबा कितीही चांगला असला तरी त्यात बसणारे माणूस त्याला कोणी लिलावातून आणून देत नाही. सकाळी शाळेत जाणारी मुले आणि दुपारी दवाखान्यात जाणाऱ्या आजीबाई हेच अशा रेल्वेचे खरे धनी. मोटार चालवता येत नाही असे हे दोन वर्ग. त्यांची गाडी चालू राहावी एवढ्यासाठी ही सगळी जुळवाजुळव चालते. दोन-चार गाड्यांसाठी नवा आराखडा करून नवे डबे बांधवून घेणे छोट्या कंपनीला झेपत नाही. जुना डबा हा तिचा वेळ विकत घेण्याचा मार्ग आहे.

या मार्गालाही सीमा आहेत. १८ मीटरचे डबे आता मोठ्या शहरांत फारसे उरलेले नाहीत. जुन्या मोटारीचे कार्बन ब्रश बदलता येतात, तांबे पुन्हा गुंडाळता येते. पण नव्या डब्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग बनवणे कारखान्याने थांबवले की हातोडी आणि पान्हा यांचा उपयोग नाही. इंडोनेशियाची गोष्टही बोलकी आहे. तेथेही १०६७ मिलिमीटरचे रूळ आणि १५०० व्होल्टची वीज, म्हणून २००० साली टोकियोच्या महानगर भुयारी रेल्वेचे ७२ डबे जाकार्ताला गेले आणि पुढे शेकडो गेले. २०२३ साली मात्र त्या सरकारने आणखी जुने डबे आणू न देण्याचे ठरवले. आपल्या देशातील डब्यांच्या कारखान्याला काम मिळावे ही त्यांची बाजू. तीही समजून घेण्यासारखी आहे. उलट, त्याच वर्षी टोकियोच्या सेइबु या मोठ्या कंपनीने दुसऱ्या कंपन्यांचे जुने डबे आपल्या शाखामार्गांसाठी घेण्याचे जाहीर केले, आणि २०२५ साली त्यांतली पहिली गाडी धावली. म्हणजे जुने घेणे हे केवळ गरिबाचेच काम राहिले नाही.

आपल्याकडेही हे अगदी अपरिचित नाही. १९९०च्या दशकात आपल्या बेळगावचा मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज झाला. देशभर असेच होत गेले, तेव्हा निकामी ठरलेली मीटरगेज डिझेल इंजिने म्यानमारसारख्या देशांत गेली, कारण तेथील रूळ अजून एक मीटरचेच होते. आपल्याला ज्याचा उपयोग उरला नाही ते तेथे वर्षानुवर्षे माणसे वाहत राहिले.

बाबांचा प्रश्न

परत आल्यावर मी बाबांना फोटो दाखवले. त्यांनी डब्याचा चकचकीतपणा पाहिला नाही. चष्मा कपाळावर चढवून विचारले, “सुटे भाग कुठनं आणतात रे?” सहा आठवड्यांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. पुढे वाचताना उत्तर सापडले. हिबियाचे जुने डबे घेताना नागादेनने काही डबे केवळ सुट्या भागांसाठी जास्तीचे घेतले होते. हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग शहाणी माणसं आहेत.” नंतर थोड्या वेळाने, जणू वीस वर्षांपूर्वीचे बोलणे तेवढ्यावरच थांबले होते, असे म्हणाले, “रंगावरून मशीन बघू नये. बेड सरळ आहे का ते बघावं.”

तो लेथ अजून चालतो. त्याच्यावर माझी फी निघाली, धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. त्या संध्याकाळी शेडमध्ये बाबा काय करत होते ते मला आता कळते. झिजलेला बेड शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने पुन्हा सरळ करत होते. आठ डब्यांतून तीन डबे जुळवणाऱ्या कारागिरांचे काम आणि ते काम एकाच जातीचे. मी बाबांची माफी मागितली नाही, आमच्या घरात तशी पद्धत नाही. परंतु पुढच्या रविवारी शेडवर गेलो आणि ती तुटलेली मूठ स्वतः टर्न करून बसवली. त्यांनी ती फिरवून पाहिली आणि “चालंल” एवढेच म्हणाले.

मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या हाती थोरल्या भावाचे पुस्तक असेल, कोणाच्या घरी जुने यंत्र असेल. कोणी विचारले तर जुने आहे म्हणून सांगा. पुढे हेही सांगता आले पाहिजे, की ते कोठे चालते, कोठे चालत नाही आणि का. एवढे सांगता आले म्हणजे ते यंत्र तुमचे झाले.